शेवटी उरतो तो आवाज

१

लोकांना घाबरवणं हा कानसेनचा पोटापाण्याचा धंदा होता, आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. खरं नाव घराच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण स्टुडिओत चहावाल्यापासून निर्मात्यापर्यंत सगळे त्याला कानसेनच म्हणत. दोन खोल्यांपलीकडे पंख्याचा स्क्रू ढिला झाला, तरी ते आधी याला कळायचं. सिनेमातल्या आवाजांची जुळवाजुळव हे त्याचं काम. नट्या किंचाळतात, संगीतकार धडाम् करतो आणि नाव त्यांचं होतं. पण प्रेक्षक खुर्चीतून उडतो तो त्या धडामच्या आधीच्या शांततेमुळे, आणि ती शांतता बनवणं येरागबाळ्याचं काम नव्हे, असं कानसेनचं ठाम मत होतं.

त्याची पद्धत ठरलेली होती. तिला तो ‘खोली रिकामी करणं’ म्हणायचा. सामानसुमान जिथल्या तिथं ठेवायचं, फक्त आवाज काढून घ्यायचे. आधी लांबचे, म्हणजे पाखरं, रस्ता, लिफ्ट. मग खोलीतले, फ्रिज, घड्याळ, नळ. एकेक आणि हळूच. प्रेक्षकाला काय गेलं ते कळता कामा नये, नुसतं कसंतरी व्हायला हवं. शेवटी एकच आवाज ठेवायचा. पाठीमागचं ते जे काही ज्याच्यासाठी आलंय, त्याच्या श्वासाचा.

“आणि तो कुठं कापता?” नव्या सिनेमाच्या दिग्दर्शकानं विचारलं. पोरगेलासा होता, शिकायची हौस होती.

“तो मी नाही कापत,” कानसेन म्हणाला. “घाबरलेलं माणूस स्वतःच श्वास रोखतं. तो थांबला, की पाठीमागून जे यायचं ते येतं. श्वास चालू आहे तोवर कुणालाही काही होत नाही. माझ्या सिनेमात तरी नाही.”

या सिनेमात एक बाई भर दुपारी घरी एकटी शिवत बसलेली असते. नटीला शिलाई मशीन चालवता येत नव्हती आणि तिचा श्वासही खोटा वाटत होता. मग कानसेननं माईक उचलला आणि सरळ आपल्या घरी नेला. त्याची ताई शिवणकाम करायची. आईवडील गेले तेव्हा हा शाळेत होता. ताईनं याच मशीनवर लोकांचे पडदे, अभ्रे, कपडे शिवून त्याला वाढवलं, स्वतःच्या लग्नाचं नाव काढू दिलं नाही, आणि आता केस पिकले तरी त्याला ‘जेवलास का’ विचारल्याशिवाय तिचा दिवस मावळत नसे. तिच्या मशीनची खडखड त्यानं घेतली, फ्रिजची घरघर घेतली, घड्याळ घेतलं, स्वयंपाकघरातला ठिबकणारा नळ घेतला. ताईचा श्वाससुद्धा घेतला.

कबुतरं तेवढी आली नाहीत. खिडकीच्या पट्टीवर दोन बसली होती, माना फुगवून घुमताना दिसत होती, पण रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा मागमूस नव्हता. माईकचं तोंड तिकडे नसेल, असं म्हणून त्यानं जुन्या साठ्यातली कबुतरं घातली आणि विषय सोडून दिला.

२

ताईला सिनेमांचं वेड होतं आणि भीती कशी ती ठाऊक नव्हती. कानसेन आपलं काम आधी तिला दाखवायचा. ती मांडीवरचं कापड टाचता टाचता पडद्याकडे बघायची आणि पुढचं सगळं सांगून मोकळी व्हायची.

“आरशाचं कपाट उघडलं ना, आता बंद करताना मागे कुणीतरी दिसणार. गाडी सुरू होणार नाही बघ. हा हवालदार मुलीचा फोटो दाखवतोय, म्हणजे मेला बिचारा. आणि ही माणसं वेगवेगळी का होतात रे? ‘तू तिकडे बघ, मी इकडे बघतो’ म्हणे! एकत्र बसा की गपचूप!”

प्रेमाच्या सिनेमात पुस्तकं सांडली की ती हात जोडायची. मारामारीच्या सिनेमात दहा गुंड आपापली पाळी येईपर्यंत रांगेत उभे राहतात, ते पाहून तिला हसू आवरायचं नाही. भीतीच्या सिनेमातला दचका तर तिला कधीच बसला नाही. “आधी मांजर उडी मारणार,” ती म्हणायची. “सगळे हसणार. मग खरं येणार.” कानसेन वैतागायचा, पण मनातून त्याला एकच हौस होती. एकदा तरी ताई घाबरली पाहिजे.

त्या दिवशी सुट्टी होती. जेवण झालं, ताई मशीनवर बसली, कानसेन पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. बाटली काढून त्यानं फ्रिज बंद केला आणि तिथंच उभा राहिला.

काहीतरी कमी होतं.

त्यानं फ्रिजच्या दाराला हात लावला. दार थरथरत होतं. आतला दिवा लागत होता, बर्फही जमला होता. फ्रिज व्यवस्थित चालू होता, फक्त त्याची घरघर नव्हती. त्यानं कान टेकवून पाहिला. पत्र्याचा गारवा कानाला लागला, पण आवाज म्हणून काही आला नाही.

“काय रे, फ्रिजशी काय कुजबुजतोयस?” ताईनं मशीनवरून विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला. बाहेर येताना त्याची नजर जिन्याच्या जाळीकडे गेली. लिफ्ट वर चालली होती. तिचा दोर हलत होता. एरवी ती चढताना सबंध इमारतीला शिव्या घालायची. आज ती मुकाट्यानं वर निघून गेली.

३

आवाजावर जगणाऱ्या माणसाला पहिली शंका येते ती स्वतःच्या कानाची. कान गेले तर धंदा बसला. दुसऱ्याच दिवशी कानसेन कानांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि कागद पाहून मान डोलावली.

“तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. झोप कमी होतेय का?”

“कामाची धावपळ आहे.”

“मग सुट्टी घ्या. कानांना काही झालेलं नाही.”

तो हुश्श करत घरी आला. चपला काढतोय तोच ताईनं मान वर केली.

“बरं झालं आलास. हे घड्याळ बघ रे जरा. काटा फिरतोय, पण वाजत नाही.”

कानसेन चप्पल हातात घेऊन भिंतीकडे बघत राहिला. सेकंदकाटा एकेक घर पुढे सरकत होता. हे घड्याळ वडिलांच्या वेळचं. त्याची टकटक इतकी दणदणीत, की पाहुणे ते भिंतीवरून काढून उशीखाली दाबून ठेवायचे.

“म्हणजे तुलाही ऐकू येत नाही?”

“वाजतच नाही तर ऐकू कुठून येणार?”

डॉक्टरीणबाई खरं बोलल्या होत्या, आणि ते जास्त वाईट होतं. तो खुर्चीत बसला. त्यानं मनातल्या मनात मांडणी केली. लिफ्ट. फ्रिज. घड्याळ. लांबून जवळ. स्टुडिओत त्या बाईची खोली तो याच क्रमानं रिकामी करत होता. डॉक्टरकडे जायच्या आधी, सकाळीच, त्यानं घड्याळ काढून टाकलं होतं. आणि ते घड्याळ याच भिंतीवरचं होतं.

त्यानं ताईला सगळं सांगून टाकलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं, नव्हे, हसावी अशी त्याची इच्छा होती. ती हसलीही.

“म्हणजे आपली खोली कुणीतरी रिकामी करतंय म्हण की! मग तू कापलेलं परत घाल. त्यात काय एवढं?”

“असं कुठं असतं का, ताई? मी तिकडे घड्याळ काढलं म्हणून हे गप्प बसेल?”

“नसतंच. म्हणून तर सांगते, डोक्याला ताप करून घेऊ नकोस.”

पण स्टुडिओत घड्याळानंतर त्यानं सकाळीच नळही काढला होता, मशीनही काढली होती, आणि शेवटी उरला होता तो ताईचा श्वास. शेवटचा आवाज आपण कुणाचा ठेवलाय, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

४

पुढचा दिवस त्यानं घरीच काढला. एकत्र बसायचं, वेगळं व्हायचं नाही, हे तो ताईकडूनच शिकला होता. ती पडदे शिवत होती आणि तो समोर बसून तिच्याकडे बघत होता.

“सासू बसल्यासारखा काय बसलायस?” ती म्हणाली. “जरा पाय मोकळे करून ये.”

“बसू दे ना.”

स्वयंपाकघरातल्या नळाखाली पातेलं होतं. थेंब पडायचा, पातेल्यातल्या पाण्यावर गोल उमटायचा आणि विरून जायचा. तो किती वेळ तेच बघत होता. ते थेंब सकाळपासून मुके झाले होते. ऊन सरळ खोलीत येत होतं, फरशी स्वच्छ होती, कोपऱ्यात अंधार म्हणून नव्हता. असल्या लख्ख खोलीत कुणाला भ्यायचं, तेही कळत नव्हतं.

मग मशीन गेली. ताईचे पाय पायडलवर होते, चाक फिरत होतं, सुई खालीवर होत होती, कापड पुढे सरकत होतं. खडखड मात्र थांबली होती. ताईनं पाय थांबवले. भावाकडे पाहिलं. पुन्हा दोनदा पाय मारून बघितलं.

“अगंबाई,” ती हळूच म्हणाली.

आणि तेवढ्यात कर्कश घंटी वाजली.

दोघंही जागच्या जागी उडाले. कानसेनच्या हातातला पेला खाली पडला. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू, काखेत कापडाचा गठ्ठा. “अहो, झोपला होतात का? केव्हाची जिन्यातून हाका मारतेय! अजून दोन पडदे करायचेत, संध्याकाळपर्यंत होतील ना?”

काकू बोलल्या, माप सांगितलं, जावयाचं गाऱ्हाणं गायलं आणि गेल्या. त्यांच्या मागे दार लावून ताई हसायला लागली. कानसेनही हसत सुटला. हसता हसता दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी दोघं असे हसले होते.

“बघ,” ताई पदरानं डोळे पुसत म्हणाली, “हे झालं मांजर. सगळे हसले. आता—”

पुढचं ती बोलली नाही. कानसेननं तिला वाक्य अर्धं सोडताना आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

“मी स्टुडिओत जातो,” तो उठत म्हणाला. “सगळे आवाज होते तसे परत घालून येतो. तूही चल माझ्याबरोबर.”

“आणि हे पडदे काय काकू स्वतः शिवणार? जा तू. लवकर ये.”

“आलोच.”

“झालं! ‘आलोच’ म्हणून गेलेला कुणी धड परत आलेला मी तरी पाहिला नाही,” ती म्हणाली, आणि त्याच्या शर्टाला लागलेला दोरा काढून तिनं त्याला दाराबाहेर ढकललं.

५

ध्वनीची खोली म्हणजे चारी बाजूंनी जाड गादी लावलेली पेटी. बाहेरचा आवाज आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. तिथं गाढ शांततेत काम करता येतं म्हणून कानसेनला ती खोली घरापेक्षा आवडायची. दिग्दर्शक आधीच येऊन बसला होता.

“कमाल केलीत!” तो म्हणाला. “काल निर्माते ते शिवणाचं दृश्य बघताना खुर्चीवरून पडले. आता त्याला कुणी हात लावायचा नाही.”

“मी ते सगळं परत भरतोय.”

“काय भरताय?”

“घड्याळ, नळ, मशीन. सगळं.”

“अहो, मग भीती कसली वाटणार? खोली भरलेली असली तर लोक जांभया देतील!”

“देऊ देत.”

दिग्दर्शकाचा चेहरा पडला. तो समजावू लागला, मग चिडला, मग निर्मात्यांना सांगतो म्हणत दार आपटून गेला. ही नोकरी बहुधा गेली, हे कानसेनला कळलं, पण त्याचे हात थांबले नाहीत. त्यानं नळ परत घातला. मशीन घातली. घड्याळ, फ्रिज, लिफ्ट, सगळं जिथल्या तिथं बसवलं. पडद्यावरची ती बाई आता भरल्या घरात शिवत होती. तिच्या अंगावर कुणी येईल, असं स्वप्नातही वाटलं नसतं.

त्यानं हेडफोन काढून घरी फोन लावला.

“ताई, घड्याळ वाजतंय?”

“वाजतंय की! सगळं वाजतंय. फ्रिज बघ कसा खेकसतोय, ऐक.” तिनं फोन फ्रिजकडे धरला असावा. घरघर आली, मागे घड्याळाची टकटक आली. कानसेननं डोळे मिटले. इतका सुंदर आवाज आपण कधी ऐकला नव्हता, असं त्याला वाटलं. तो एकटाच हसला.

“म्हणजे मी म्हणत होतो तेच खरं. आत्ता घातले मी परत, आणि—”

“आत्ता कुठे?” ताई म्हणाली. “तू जिना उतरलास ना, तेव्हाच लागलं वाजायला. म्हटलं, तू पोहोचल्यावर सांगावं.”

कानसेन हसायचा थांबला. तो जिना उतरला तेव्हा त्यानं कशालाच हात लावलेला नव्हता.

“आणि कबुतरं?” त्यानं विचारलं. हा प्रश्न कुठून आला, ते त्यालाही कळलं नाही.

“तीपण घुमतायत. तू नसलास की घुमतातच ती. तू घरी आलास की गप्प होतात, कितीतरी दिवस झाले. तू माईक लावून बसला होतास ना, त्याच्याही आधीपासून. मला वाटलं, तुला बुजत असतील. अरे, मला एक सांग, तुझ्याबरोबर—”

ताईचा आवाज गेला.

त्यानं फोन कानापासून दूर धरून पाहिला. फोन चालू होता, पडद्यावरचे सेकंद पुढे सरकत होते. “ताई? ताई!” तो ओरडला. गादीच्या भिंतींनी ते ओरडणं पिऊन टाकलं. त्या खोलीत नेहमीच सगळं शांत असायचं. आता जास्त शांत होतं का, हे तिथं बसून कुणालाच सांगता आलं नसतं, आणि त्या वेळी त्याच्या मनात तो विचार आलाही नाही. ताई बोलेनाशी झाली, एवढंच त्याला कळलं. तिला एकटं सोडून आपण इथं आलो, एवढंच त्याला कळलं. तो धावत सुटला.

६

रस्त्यावर दुपारची वर्दळ होती. बस गेली, स्कूटर गेली, एक माणूस हातगाडी ढकलत गेला. कुणाचाच आवाज आला नाही. कानसेननं ते पाहिलं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्याला घर गाठायचं होतं. तो जिन्यावरून दोन दोन पायऱ्या चढला. तिसऱ्या मजल्यावर त्याला उमगलं, की आपली पावलंही वाजत नाहीत.

त्यानं दार ढकललं.

ताई मशीनपाशी बसली होती, दाराकडे पाठ करून. पाठ वाकलेली, मान खाली, पांढऱ्या केसांचा अंबाडा. कापड सरकत होतं. पट्टीवर कबुतरं बसली होती. त्यांच्या माना फुगत होत्या आणि उतरत होत्या. ऊन लख्ख होतं. खोलीत कसलाच आवाज नव्हता.

नाही, एक होता. श्वासाचा.

या क्षणालाच तो इतके दिवस भीत होता. ताई तेवढी उरली होती. आणि लगेच, सवयीनं, त्याच्या कानानं आपलं काम केलं. ताईचा श्वास त्याला पाठ होता, त्यानं तो तासन् तास ऐकला होता. लांब, नाकातून, शेवटी किंचित शीळ घालणारा. हा तसला नव्हता. हा धापा टाकत होता. त्यानं ताईच्या पाठीकडे पाहिलं. पाठ शांतपणे वर होत होती, खाली होत होती, आणि ऐकू येणाऱ्या श्वासाशी तिचा मेळ नव्हता.

हा श्वास त्याचा स्वतःचा होता.

त्याला जे वाटलं ते सांगून कुणाला पटणार नाही. त्याला हायसं वाटलं. ते ताईसाठी आलेलं नाही. ताईला काही होणार नाही. कबुतरं, लिफ्ट, घड्याळ, सगळं त्याच्याभोवतीच रिकामं होत होतं, आणि तो तेच बरोबर घेऊन धावत तिच्यापाशी आला होता. आता इथून बाहेर पडायचं, इतकंच. हळू, पाठ न वळवता, श्वास चालू ठेवून. श्वास चालू आहे तोवर काही होत नाही. आत, बाहेर. आत, बाहेर. हे तर पोरालासुद्धा जमेल.

ताईचे पाय पायडलवर थांबले. मशीन मुकी झाली म्हणजे भाऊ आला, हे तिला आता कळलं होतं. ती वळली. तिच्या ओठांवर ‘आलास?’ असं उमटलं, तोंडभर हसू होतं, पुढचा प्रश्न जेवणाचाच असणार होता.

मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली.

आत, बाहेर. आत, बाहेर. त्यानं सगळं बळ एकवटून श्वास चालू ठेवला. ताई खुर्चीतून अर्धवट उठली. मांडीवरचा पडदा खाली सांडला. तिचं तोंड उघडलं, ती काहीतरी ओरडत होती, पुन्हा पुन्हा तेच ओरडत होती, आणि त्यातलं अक्षरही त्याच्यापर्यंत येत नव्हतं. हसू तिच्या चेहऱ्यावरून पार पुसलं गेलं. आरशाच्या कपाटाला न भ्यालेली, प्रत्येक दचका आधी सांगणारी त्याची ताई घाबरली होती. इतकं घाबरलेलं माणूस त्यानं कुठल्या सिनेमात पाहिलं नव्हतं.

तिचा तो चेहरा पाहून कानसेनचा श्वास अडकला.